कारल्याला सात टाके

कारलं हा रुग्ण म्हणून फार गुणी. त्याला भूल द्यावी लागत नाही, त्याचे नातेवाईक दाराबाहेर गर्दी करत नाहीत आणि टाके वाकडे पडले तरी ते कुणाला सांगायला जात नाही. सुई कातडीत शिरताना बोटांना जो किंचित अडथळा जाणवायला हवा, तो कारल्यात जाणवतो. केळ्याच्या सालीत जाणवत नाही. वांग्यात जाणवतो, पण वांगं पाच मिनिटांत आतून काळं पडतं आणि बघणाऱ्याला वाटतं, रुग्ण दगावला.

हे ज्ञान मला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही. नल्लकुंट्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, राणीच्या दुपारच्या झोपेत मिळालं. राणी म्हणजे माझी मुलगी, वय नऊ महिने, दात दोन. तिची दुपारची झोप चाळीस मिनिटांची असते, तिच्या मनात असेल तर बावीस. हेसुद्धा मी त्याच झोपेत लिहिते आहे. एखादं वाक्य मध्येच तुटलेलं दिसलं तर ती उठली असं समजावं.

मी सर्जन आहे. असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या मागे कुणी उंचसा माणूस उभा आहे का, तिकडे. तर आमच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या शिकाऊ सर्जनांना गाठी मारायला आणि टाके घालायला शिकवायचा एक वर्ग आहे, दर बुधवारी. तो मी सुरू केला. त्याआधी मुलं ऑपरेशन चालू असताना सरांची बोटं बघून शिकायची, म्हणजे खरं तर सरांची पाठ बघून शिकायची. त्या वर्गासाठी स्टुलं मी तीन विभागांशी भांडून मिळवली. गाठी बांधायचे आकडे खिळे वाकवून मी स्वतः केले. राणीच्या आधी माझं एखादं अपत्य असेल तर ते हा वर्ग.

बाळंतपणाची रजा संपून मी ती पुढे वाढवली, तेव्हा विभागप्रमुख नरसिंगराव सरांचा फोन आला. सर सगळ्या स्त्रियांना अम्मा म्हणतात. नर्सला, प्राचार्यांना आणि स्वतःच्या पाच वर्षांच्या नातीलाही.

"देखो अम्मा, तुम आराम से बच्ची को देखो. क्लास मंदार देख लेंगा."

मंदार माझ्याच बॅचचा. हुशार, वेळेवर येणारा, कुणाबद्दल वाईट न बोलणारा. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आणि हीच माझी तक्रार आहे. एकदा वर्ग त्याच्या हातात गेला की तो इतका नीट चालवणार की परत मागायला मला तोंड राहणार नाही.

"सर, मी घरून शिकवते," मी म्हणाले. राणी माझ्या केसांना धरून उभी राहायचा सराव करत होती. "व्हिडिओ करून टाकते. हल्लीची मुलं सगळं रीलमध्येच बघतात."

"रील में तो डान्स करते अम्मा."

"गाठीही मारता येतात, सर."

सर म्हणाले, दोन महिने देतो. पहिल्या वर्षाची पाच मुलं आहेत. दोन महिन्यांनी सोमवारी मी स्वतः परीक्षा घेणार. पाचही जणांना जमलं तर क्लास तुझा, नाहीतर मंदारचा. मी एका हाताने राणीला आणि दुसऱ्या हाताने माझा मान सांभाळत हो म्हणून बसले.

आता कॉलेजच्या नावाने व्हिडिओ टाकायचा तर परवानगी हवी. त्यासाठी एक फॉर्म आहे. त्या फॉर्मात सातव्या क्रमांकाला रुग्णाचं नाव, वय आणि लेखी संमती असा रकाना आहे. मी तिथे रेघ मारली. कचेरीतल्या साहेबांनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला.

"मॅडम, कॉलम खाली नै रख सकते."

"अहो, रुग्ण नाहीये. कारलं आहे."

"तो करेला लिखो."

मी लिहिलं. रुग्णाचं नाव: कारले. वय: ताजे. साहेबांनी चष्मा वर करून वाचलं आणि संमतीच्या चौकोनावर बोट ठेवलं. पेशंट बेशुद्ध असेल किंवा वयाने अज्ञान असेल, तर जवळच्या माणसाची सही चालते, असं त्यांनी नियमाचं पुस्तक उघडून दाखवलं. कारल्याचं जवळचं माणूस कोण, यावर आम्ही दोघांनी शांतपणे विचार केला. शेवटी ते ज्यांनी बाजारातून निवडून आणलं त्या माझ्या सासूबाईंची सही घ्यायची असं ठरलं. सासूबाईंनी फॉर्म पूर्ण वाचला. "कुसुम एकनाथराव" अशी ठळक सही केली आणि मला बजावलं, "हे बघ दीपाली, सही माझी आहे. कारलं फेकायचं नाही. तुझं शिकवून झालं की भाजी झाली पाहिजे."

ही अट ऐकायला सोपी वाटते. आमच्याकडे भरली कारली करतात ती पोटाला चीर देऊन, आत मसाला भरून, वरून दोरा गुंडाळून. म्हणजे कारल्याचं पोट फाडणं आणि बंद करणं हे सासूबाई गेली चाळीस वर्षं करत आल्या आहेत आणि त्यांचा एकही रुग्ण कढईत उसवलेला नाही. त्यामुळे मी जेव्हा नवीन सुई उकळून, धुतलेला सुती दोरा ओवून, मसाला भरलेल्या कारल्याला सात सुबक टाके घातले, तेव्हा त्या बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "एवढ्या वेळात माझी बारा कारली बांधून झाली असती."

जेवताना माझ्या नवऱ्याने, मुकुंदने, ते कारलं ताटात उलटसुलट करून पाहिलं. तो विमा कंपनीत आहे, धोका त्याला आधी दिसतो.

"टाके काढून खायचं की हे आपोआप विरघळणारे आहेत?"

"काढून."

"कितव्या दिवशी?"

मी त्याच्या ताटाशेजारी कात्री ठेवली. सर्जनला घरात कोणी सर्जन समजत नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच स्वीकारलं आहे.

व्हिडिओ घेण्याची व्यवस्था अशी होती. ओट्याच्या वर भांड्यांची मांडणी आहे. तिच्या खालच्या दांडीला फोन नाडीने उपडा बांधायचा, पडदा ओट्याकडे. म्हणजे शिकणाऱ्याला माझे हात जसे मला दिसतात तसेच वरून दिसतील, आणि आपण चौकटीत आहोत की नाही हे मला मान वर करून बघता येईल. ओटा खराब होऊ नये म्हणून कारल्याखाली गेल्या वर्षीच्या मराठी कॅलेंडरचं पान. जुन्या कॅलेंडरांचा आमच्या घरात मोठा साठा आहे, कारण माझे सासरे ती टाकू देत नाहीत. कधी दूध आलं नाही, कधी गॅस लागला, कुणाचं तेरावं कधी, हे सगळं त्यांनी त्या चौकोनांत लिहून ठेवलेलं असतं. मी आपलं गुपचूप एकेक पान काढत होते.

पहिला व्हिडिओ घेतला. सुरुवातीला वर बघून नमस्कार केला आणि पुढे गाठ दाखवली. नंतर बघते तर नमस्कार करणारी बाई कोणीतरी भलतीच. माझा भांग डावीकडे आहे, तिचा उजवीकडे. एक भुवई वर, नाक किंचित कलतं. शिकवणं उत्तम झालं होतं, पण ते शिकवत होती ती बाई मला अजिबात आवडली नाही.

नेमक्या त्या वेळी वरच्या मजल्यावरच्या तारामतीबाई विरजण मागायला आल्या. तारामतीबाईंचं विरजण गेली सहा वर्षं लागत नाही. त्यांनी व्हिडिओ पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, असं सगळ्यांचंच होतं. माझ्या भाचीनं सांगितलंय मला, सेटिंगमध्ये जायचं आणि आरसा चालू करायचा. मग आपण आपल्याला दिसतो तशा दिसतो." आणि माझ्या हातून फोन घेऊन त्यांनी कुठेतरी बोट दाबलं.

पुन्हा नमस्कार करून पाहिला. भांग डावीकडे. नाक सरळ. आरशात रोज भेटणारी, ओळखीची, जरा बरी दिसणारी मी. मी तारामतीबाईंना विरजण दोन चमचे जास्त दिलं.

त्यानंतर दोन महिने मी व्हिडिओ करत होते. राणी झोपली की नाडी बांधायची, कारलं ठेवायचं, शिकवायचं. चौकोनी गाठ, एका हाताची गाठ, खोल जागी बोट घालून मारायची गाठ, साधा टाका, आडवा टाका. राणी कधीही उठेल म्हणून कान सतत आतल्या खोलीकडे. एका व्हिडिओत तर शेवटचा टाका चालू असताना तिचं रडणं ऐकू येतं आणि मी कारलं तसंच उघड्या पोटाने सोडून निघून जाते. तो व्हिडिओ सर्वांत जास्त लोकांनी पाहिला.

लोकांनी म्हणजे किती? पाच शिकाऊ डॉक्टरांसाठी केलेल्या व्हिडिओला पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस हजार लोक आले. त्यातले बहुतेक कोणत्याही अर्थाने सर्जन नव्हते. "अक्का, लोपल मसाला एंटी?" म्हणजे ताई, आत मसाला कोणता भरलाय, हा प्रश्न एकशे बारा वेळा होता. विजयवाड्याच्या एका बाईंनी कळवलं की त्यांनी याच पद्धतीने भेंडीला तीन टाके घातले आणि सासरे खूश झाले. मी प्रत्येकाला उत्तर द्यायला बसले की हे वैद्यकीय शिक्षण आहे. सासूबाई मागून म्हणाल्या, "सांग की गं मसाला. आपलं काय जातं?" आणि मग दाण्याचा कूट, खोबरं, चिंच, गूळ असं सगळं माझ्याकडून लिहून घेतलं. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात माझी पत जरा वाढली.

माझी पाच मुलंही बघत होती. त्यांचा पुढारी कुलदीप. तो दर व्हिडिओखाली अंगठा वर करायचा आणि एखादी शंका विचारायचा. "मॅडम, होल्डर का लॉक खुलता नै." होल्डर म्हणजे सुई पकडायची चिमट्यासारखी कात्री; तिला दातेरी कुलूप असतं, ते अंगठ्याच्या हलक्या दाबाने सुटतं. मी उत्तर दिलं, "सराव कर." आठवड्याने पुन्हा: "मॅडम, अंगठा सूज गया." मी लिहिलं, "शिकताना सुजतो." आता आठवलं की माझाच अंगठा तोंडात घालावासा वाटतो.

पाचांत एक निशिगंधा होती. अंबरपेठेत राहणारी, आपल्या मराठी माणसांतली. ती कधी काही विचारायची नाही. व्हिडिओ टाकला की दोन मिनिटांत तिच्याकडून एक लाल बदाम यायचा. मला वाटायचं, बिचारीला काही कळत नसावं.

परीक्षा सोमवारी. रविवारी सकाळी माझे सासरे, एकनाथराव, चहा घेत होते. शिक्षण खात्यात पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, मोबाइलला कधी हात लावत नाहीत. पण आदल्या दिवशी बरकतपुऱ्यात कुणीतरी त्यांना थांबवून "तुमची सून ती कारलेवाली ना?" असं विचारलं होतं. खानदानाचा प्रश्न होता. त्यांनी मुकुंदला सांगितलं, लाव तो व्हिडिओ.

त्यांनी पूर्ण पाहिला. मग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "थांबव. हे ऑगस्टचं पान आहे."

मी गॅससमोर पाठमोरी उभी राहिले. पानाची चोरी पकडली गेली होती.

"बाबा, जुनंच होतं म्हणून मी..."

"ते असू दे. यात मी गॅस कधी लागला ते लिहिलंय. तारीख वाचता येत नाही." ते फोन जवळ नेत, लांब नेत होते. "चतुर्थी अशी का लिहिलीय? रविवार उजवीकडे कसा गेला? दीपाली, तुझ्या व्हिडिओत ऑगस्ट उलटा चाललाय."

मी फोन घेतला. पाहिलं. कारल्याखाली सगळी अक्षरं पाठमोरी बसली होती. आणि कारल्यावर ज्या हाताने होल्डर धरला होता, तो हात, आरशातून बाहेर येऊन पाहिलं तर, डावा होता.

मी उजव्या हाताची आहे. माझ्या पाचही मुलांनी दोन महिने डाव्या हाताने गाठी मारल्या होत्या, डाव्या हाताने सुई धरली होती, आणि उजव्या हातासाठी घडवलेल्या होल्डरचं कुलूप डाव्या अंगठ्याने उघडायचा प्रयत्न करत अंगठे सुजवून घेतले होते. कुणाला ते उलटं कॅलेंडर दिसलं कसं नाही? दिसलं होतं. पण त्यांना मराठी सरळ असलं तरी वाचता येत नसणार, मग उलट्याचं काय सोयरसुतक?

कुलदीपला फोन लावला. "अरे, मी दोन महिने डाव्या हाताने शिकवतेय हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिखा मॅडम."

"मग विचारलं का नाही?"

त्याला प्रश्नच कळला नसावा. "आप मॅडम है ना मॅडम. हमकू लगा कुछ अॅडव्हान्स टेक्निक है."

आमच्या व्यवसायात वरच्या माणसाला प्रश्न विचारत नाहीत. मी स्वतः सहा वर्षं सरांच्या हातातल्या एका चुकीच्या चिमट्याकडे आदराने पाहिलेलं आहे. त्यामुळे रागवायचं कोणावर, हा प्रश्नच होता. मी म्हणाले, असाल तिथून सगळे दुपारी बारा वाजता माझ्या घरी या, होल्डर घेऊन.

पाचही जण आले. जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं. सासूबाईंनी अडीच किलो कारली समोर ठेवली. तारामतीबाई विरजणाची वाटी घेऊन आल्या आणि परत गेल्याच नाहीत. राणी त्या दिवशी झोपली नाही. तिला मांडीवर घेऊन, ते सगळे व्हिडिओ आता पुसून टाकते असं जाहीर करून, मी उजवा हात म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. दोन महिने एका बाजूला वळवलेली बोटं आता दुसऱ्या बाजूला वळेनात. कुलदीप सुई उजव्या हातात घ्यायचा आणि घाबरला की ती आपोआप डाव्यात जायची. तारामतीबाई मागून सांगत, "सोड तो हात, दुसरा घे, दुसरा." मधूनच त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "का गं, ते सेटिंग मी दाबलं त्यामुळे तर नाही ना काही?" मी नाही म्हणाले. भांग मलाच आवडला होता.

एक निशिगंधा काही शिवत नव्हती. कारलं समोर ठेवून नुसती बसली होती.

"काय गं, हात दुखतोय?"

"नाही मॅडम. मी राणीला घेऊ का जरा?"

मी दिली. आधीच वेळ कमी, त्यात जिला काही येत नाही तिच्यावर किती मेहनत घ्यायची, असा एक हिशेबी विचार माझ्या मनात आला. तो इथे लिहून ठेवते, कारण तो आला होता.

सोमवारी मी राणीला सासूबाईंकडे सोडून कॉलेजात गेले. सरांनी एका स्टीलच्या पेल्याच्या तळाला आकडा बसवला होता. पेल्यात बोटं घालून आकड्याला दहा गाठी मारायच्या, मग फोमच्या पट्टीवरची चीर पाच टाक्यांत बंद करायची. मंदार वही घेऊन बाजूला उभा. माझ्याकडे बघून तो मनापासून हसला, आणि ते मनापासून होतं म्हणून मला आणखी त्रास झाला.

चौघांनी उजव्या हाताने केलं. म्हणजे बैल रस्ता ओलांडतो तसं, मध्येच थांबत, इकडेतिकडे बघत, पण पलीकडे पोचले. कुलदीपचा हात सहाव्या गाठीला बदलला. सरांची भुवई वर गेली. त्याने घाईने पुन्हा बदलला. सरांनी वहीत काहीतरी लिहायला सांगितलं आणि मंदारने ते जरा उशिराच लिहिलं.

शेवटी निशिगंधा. ती पेल्यासमोर उभी राहिली आणि हात मागे घेतले.

"सर, मैं लेफ्ट से करूँ?"

सर म्हणाले, "मैं पहले हफ्ते में बोला था ना अम्मा. टेबल पर उल्टा हाथ नै चलता."

"हौ सर. बोले थे."

आणि तिने होल्डर डाव्या हातात घेतला.

मी वर्ग घेते आहे त्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षाच्या कुणाचीही बोटं मी अशी चालताना पाहिलेली नाहीत. पेल्याच्या कडेला तिचा हात लागला नाही. कुलूप सोडायला ती अंगठ्याने दाबत नव्हती, अंगठा जरासा आत ओढत होती. हे मी शिकवलेलं नव्हतं, ते तिनेच शोधलं होतं. दहा गाठी झाल्या. सरांनी एकेक ओढून पाहिली. एकही सरकली नाही. पाच टाके झाले. सरांनी खिशातून पट्टी काढून अंतर मोजलं, आणि पट्टी परत खिशात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

"किसने सिखाया?"

"दीपाली मॅडम ने. व्हिडिओ में."

सर माझ्याकडे वळले. "तुम लेफ्ट हैंडेड है क्या अम्मा?"

इथे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. मान नुसती हलवली असती तरी चाललं असतं. हो सर, दोन्ही हातांनी शिकवायची माझी पद्धत आहे, असं वाक्य जिभेवर तयार होऊन उभं होतं, अगदी भांग काढून. वर्ग माझा झाला असता. पण ती मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्यासमोर मला तेवढ्यापुरतंही तिच्या हाताचं श्रेय घेववेना.

"नाही सर," मी म्हणाले. "मी उजव्या हाताची आहे. फोनचं आरशाचं सेटिंग चालू राहिलं. दोन महिने सगळं उलट दिसत होतं. मला कालच कळलं. या चौघांना मी सरळ हात काल दुपारी शिकवला."

"कल?"

"हो सर."

"दो महीने उल्टा, एक दोपहर सीधा." सरांनी मंदारकडे पाहिलं. मंदारला खोकला आला होता. "ठीक है. ऑर्डर निकालते."

बाहेर व्हरांड्यात मी निशिगंधाला गाठलं. तिला सॉरी म्हणायचं होतं, पण कशाबद्दल ते ठरत नव्हतं.

"मॅडम," तीच म्हणाली, "मला मराठी वाचता येतं. आजोबांनी शिकवलंय. दुसऱ्या व्हिडिओतच चतुर्थी उलटी दिसली मला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सरळ केलं असतं."

मी तिला जरा कडेला घेतलं.

"शाळेत डाव्या हातावर पट्टी खाल्ली. इथे आल्यावर सर म्हणाले, नै चलता. घरी सांगून टाकलं होतं मी, सीट सोडते म्हणून. मग तुमचा व्हिडिओ आला. कधी कुणी माझ्यासारख्या हाताने काही करून दाखवलं नव्हतं. म्हटलं, दोन महिने तरी बघून घ्यावं." ती खाली बघत होती. "काल तुमच्या घरी तुम्ही म्हणालात ना, आता सगळे व्हिडिओ पुसून टाकते. पुसू नका. म्हणून राणीला घेतलं मी. नाहीतर रडले असते तिथेच."

मी व्हिडिओ पुसले नाहीत. आणि शेजारून गेलेल्या नर्सला काय समजायचं ते समजो, तिथे उभ्या उभ्या रडले ती मी.

तिसऱ्या दिवशी ऑर्डर आली. सरकारी भाषेतली, तीन सह्यांची. गाठी व टाके वर्ग, उजवा हात: डॉ. मंदार. गाठी व टाके वर्ग, डावा हात: डॉ. दीपाली. पहिल्या वर्षाच्या सर्वांना दोन्ही सक्तीचे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. सीटचं मी सरांच्या कानावर घातलं होतं, म्हणून खाली त्यांनी पेनाने लिहिलं होतं: निशिगंधा की सीट नै छूटना.

वर्ग माझा राहिला. अर्धा. मी पेढे आणायला मुकुंदला सांगितलं. त्याने ऑर्डर दोनदा वाचली, विम्याची कागदपत्रं वाचतात तशी, बारीक अक्षरांवर बोट फिरवत.

"पण तुला डाव्या हाताने येतं कुठे?"

पेढे राहिले.

खरंच येत नव्हतं. मी डाव्या हाताने आजवर दार उघडण्यापलीकडे काही केलेलं नाही. डाव्या हाताने सुंदर गाठी मारणारी जी बाई त्रेचाळीस हजार लोकांनी पाहिली, ती फक्त आरशात राहते. एक तारखेला बारा दिवस होते.

तर सध्या असं चाललं आहे. राणी झोपली की मी फोन ओट्यावर उभा करते, समोर कारलं घेते, डाव्या हातात होल्डर धरते आणि त्या बाईंकडून शिकते. शिक्षिका म्हणून त्या कशा आहेत हे मला आता पहिल्यांदाच समोर बसून कळलं. हात फार छान. समजावून सांगणं ठीक. पण घाई केवढी. त्यांच्या घरात कुणीतरी झोपलेलं असावं, तसं सगळं पटापट. दोऱ्याचं टोक कुठल्या बोटाखालून गेलं हे बघावं तोवर त्या पुढच्या गाठीला. मी थांबवते, मागे नेते, पुन्हा थांबवते. माझा अंगठा सुजला आहे.

काल दहाव्यांदा तीच गाठ सुटली, तेव्हा मी व्हिडिओखाली लिहिलं, "मॅडम, जरा आहिस्ता." दोन महिन्यांत हे मला कोणी लिहिलं नव्हतं. पाच मिनिटांत त्याला पाच लाइक आले. कुणाचे ते मला बघायची गरज नव्हती.

थोड्या वेळाने सहावा आला. तो मंदारचा होता.